सदुसष्ट दोनांची भानगड

मारँ मेर्सेन हा फ्रेंच धर्मगुरू आपल्या बोर्डाच्या परीक्षेला बसला असता, तर त्याला ९०.९ टक्के पडले असते आणि आळीत पेढे वाटले गेले असते. पेपर त्याने स्वतःच काढला, स्वतःच सोडवला आणि उत्तरे १६४४ साली आपल्या एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत छापून टाकली. प्रश्न पंचावन्न, बरोबर उत्तरे पन्नास. अडचण एवढीच की चुकलेले पाच प्रश्न नेमके कोणते, हे शेवटचे पक्के व्हायला १९४७ साल उजाडले. तीनशे तीन वर्षांचे पुनर्मूल्यांकन हा विक्रम अजून कुठल्याही विद्यापीठाला मोडता आलेला नाही. प्रयत्न चालू असावेत.

त्या पाच चुकांपैकी एकीची ही हकीकत.

पेपर असा होता. २५७ पर्यंतच्या मूळ संख्या घ्यायच्या. म्हणजे एक आणि स्वतः सोडून ज्यांना कशानेच पूर्ण भाग जात नाही अशा. त्या बरोबर पंचावन्न भरतात. जी संख्या घेतली असेल तितके दोन एकमेकांशी गुणायचे आणि उत्तरातून एक वजा करायचा. दोन दोनांचा गुणाकार चार, उणे एक, तीन. तीन दोनांचा आठ, उणे एक, सात. पाच दोनांचे एकतीस होतात, सात दोनांचे एकशे सत्तावीस. सगळ्या मूळ संख्याच. इथवर आलेल्या कोणालाही वाटावे की आपल्याला गुरुकिल्ली सापडली. मग अकरा दोन घेतले की २०४७ येतात, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. गुरुकिल्ली कुलपातच मोडते. तेव्हा पंचावन्नपैकी कोणत्या संख्येने काम फत्ते होते आणि कोणत्या दगा देतात, हा प्रश्न.

मेर्सेनने यादी दिली: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. एवढ्या चालतात, बाकीच्या चालत नाहीत, विषय संपला.

हा मेर्सेन पॅरिसमधल्या मठात राहत असे. त्याच्या पंथात मांस, अंडी, दूध, लोणी सगळे वर्ज्य होते. पत्रव्यवहार तेवढा वर्ज्य नव्हता. फेर्मा, देकार्त, गॅलिलिओ, हायगेन्स असे एकाहून एक विद्वान त्याला पत्रे लिहीत आणि तो एकाचे पत्र दुसऱ्याला कळवी. त्या काळच्या युरोपच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा तो ॲडमिन होता म्हणा ना. असल्या संख्यांचा नाद धर्मगुरूला लागावा यातही नवल नव्हते. स्वतः सोडून बाकीच्या भाजकांची बेरीज स्वतःएवढीच येते अशा ६ आणि २८ सारख्या परिपूर्ण संख्या हव्या असतील, तर युक्लिडच्या काळापासून त्यांचा कच्चा माल हाच: अशी एक मूळ संख्या सापडली की तिच्यातून एक परिपूर्ण संख्या बनते. आणि देवाने सृष्टी सहा दिवसांत केली ती सहा ही संख्या परिपूर्ण आहे म्हणूनच, असे संत ऑगस्टीन सांगून ठेवून गेले होते. सृष्टीचे वेळापत्रकच भाजकांवर बेतलेले म्हटल्यावर भाजक तपासणे हे पुण्यकर्मच झाले.

मौज अशी की, पंधरा-वीस आकडी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला अनंत काळही पुरणार नाही, असे याच मेर्सेनने स्वतः लिहून ठेवले आहे. पंधरा-वीस आकडी. आणि त्याच्या यादीत सदुसष्ट बसले आहे, ज्याचे उत्तर एकवीस आकडी येते:

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७.

ही आपली नायिका. मराठीत ती वाचून दाखवायची तर पंचाईत होते. कोटीच्या पुढे ‘लाख कोटी’, ‘कोटी कोटी’ करत अर्थसंकल्पी भाषण ठोकावे लागते. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात लीलावतीत अठरा स्थानांची नावे दिली आहेत, ती शेवटी परार्धापाशी थांबतात. त्यांच्या हिशेबाने ही संख्या एक हजार चारशे पंचाहत्तर परार्ध, सात मध्य, तीन अंत्य, नऊ जलधी, पाच शंकू... असे करत शेवटी नऊशे सत्तावीसवर टेकते. परार्धाच्या पुढेही तीन घरे उरतातच. इतक्या मोठ्या संख्येला मेर्सेनने ‘मूळ’ असल्याचा दाखला दिला तो कशाच्या जोरावर, हे त्याने लिहून ठेवलेले नाही. कागदपत्रे न बघता दिलेला दाखला ही चीज तीन खंडांत सारखीच दिसते.

दाखला खोटा होता. पण तो दोनशेहून अधिक वर्षे खपला, आणि त्यात नायिकेच्या वागणुकीचा मोठा वाटा होता. बाई दिसायला अगदी सरळ. शेवटी सात, म्हणजे दोनाने भाग जात नाही, पाचानेही नाही. सगळ्या आकड्यांची बेरीज १०९, म्हणजे तिनाने नाही, नवानेही नाही. सात, अकरा, तेरा यांनी दार ठोठावून बघावे, आतून बाकीच उरते.

मूळ संख्या ओळखण्याची फेर्माची एक जुनी कसोटीही आहे. संख्येतून एक वजा करा, तितके दोन एकमेकांशी गुणा, आणि आलेल्या अजस्र गुणाकाराला मूळच्या संख्येने भागा. संख्या खरोखर मूळ असेल (आणि दोन सोडून कोणतीही असेल) तर बाकी एक उरलीच पाहिजे. आपली नायिका ही परीक्षा झोकात पास होते: बाकी एक. पण ही परीक्षा तिच्यासाठी घरचीच होती. ती घडली आहे दोनांपासून, आणि साक्षीला उभे केले तेही दोनच. सदुसष्ट दोनांच्या गुणाकाराला तिने भागले तर बाकी एक उरणार हे उघड आहे, कारण तिच्यात आणि त्या गुणाकारात एकाचाच फरक. घरच्या माणसाने दिलेले चारित्र्याचे प्रशस्तिपत्र दुसरे काय सांगणार? साक्षीदार म्हणून दोनाऐवजी परक्या तिनाला बोलावले की बिंग फुटते. दोनाच्या कसोटीवर पास होणाऱ्या आणि तरीही मूळ नसणाऱ्या अशा संख्यांना गणितात छद्म-मूळ म्हणतात. राजकारणात त्यांना वेगळे नाव असेल.

इथे देवळालीच्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शाळामास्तर कापरेकर (१९०५–१९८६) संख्यांची कुंडली मांडण्यात वाकबगार. आपल्याच आकड्यांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी ‘हर्षद’ म्हटले. रामानुजनच्या दंतकथेतली १७२९ ही हर्षद आहे: बेरीज १९, आणि एकोणीस एक्क्याण्णवे बरोबर १७२९. आपल्या नायिकेची बेरीज १०९, आणि १०९ ने तिला भाग जात नाही. तेव्हा हर्षद नाही. तिने कोणाला हर्ष दिलाच असेल तर तो १९०३ साली न्यू यॉर्कमध्ये काही मिनिटे, त्याची गोष्ट पुढे येईल.

कापरेकरांची दुसरी कसोटी जास्त खोचक. कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिच्या आकड्यांची बेरीज मिळवा. २३ अधिक ५, झाले २८; म्हणून २३ हा २८ चा जनक. ज्या संख्येला असा जनकच सापडत नाही ती स्वयंभू, जशी २०. आपली एकवीस आकडी संख्या एवढ्या रुबाबात वावरते तेव्हा ती स्वयंभू असेल असे वाटते. पण कागद-पेन्सिल घेऊन बसले की दहा मिनिटांत तिचे वडील सापडतात: तिच्याहून फक्त १०४ ने लहान असलेली, ...४१२८२३ ने संपणारी संख्या. तिच्या आकड्यांची बेरीज बरोबर १०४ आहे. म्हणजे मूळ नाही, हर्षद नाही, स्वयंभूही नाही. एकेक करून सगळ्या पदव्या गळून पडतात. पण हे सगळे कळायच्या आधीच्या काळात परत जाऊ.

मेर्सेनच्या आधी आणि नंतरही या पंचावन्नांतले लहान मासे पटापट गळाला लागले होते. फेर्माने १६४० मध्येच एक झकास नियम शोधून ठेवला होता. सदुसष्टासारख्या (विषम मूळ) संख्येइतके दोन गुणून एक वजा केला असेल, तर त्या उत्तराचा कोणताही मूळ अवयव घ्या, त्याला सदुसष्टाच्या दुपटीने, म्हणजे १३४ ने भागल्यावर बाकी एकच उरते. तेवीस दोनांचे प्रकरण आले तेव्हा दुप्पट ४६. पहिलाच उमेदवार ४७, आणि तोच गुन्हेगार निघाला. सदतीस दोनांच्या प्रकरणात तिसरा उमेदवार २२३. ऑयलरने एकोणतीस दोनांच्या उत्तराला २३३ ने भाग जातो हे दाखवले, तो चौथा. हे सगळे इतके सुतासारखे सरळ की फेर्माचा नियम हाताशी असल्यावर सदुसष्टाचे काय मोठे, असे कोणालाही वाटावे.

सदुसष्टाच्या प्रकरणात खरा गुन्हेगार चौदा लाख पंचेचाळीस हजार पाचशे ऐंशीव्या क्रमांकावर उभा होता.

मधल्या काळात जाणकारांनी भविष्ये वर्तवली, आणि ती विनोदी लेखकांच्या उपयोगी पडावीत एवढ्या ठामपणे वर्तवली. ऑयलरने एकतीस दोनांची संख्या, २,१४,७४,८३,६४७, मूळ असल्याचे १७७२ साली सिद्ध केले होते. त्यातून बनणारी परिपूर्ण संख्या हीच कायम सर्वांत मोठी राहणार, असे इंग्रज गणिती पीटर बार्लो याने १८११ मध्ये लिहिले. कारण त्याच्या मते या संख्या निव्वळ मौजेच्या, उपयोग शून्य, मग पुढची शोधायला कोण बसणार? मौजेसाठी माणूस काय काय करतो याचा बार्लोला अंदाज नव्हता. १८७४ मध्ये अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सने ८,६१,६४,६०,७९९ ही संख्या पुढे टाकली आणि हिचे दोन अवयव आपल्याशिवाय कोणाला कधी कळतील असे वाटत नाही, असे छापले. डी. एन. लेमरने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच ते काढून दिले: ८९,६८१ आणि ९६,०७९. तेव्हा जेव्हन्स हयात नव्हता, ही त्याच्यावर नशिबाने केलेली मेहेरबानीच.

आता एदुआर ल्युका. हा फ्रेंच गृहस्थ शाळेत गणित शिकवी आणि फावल्या वेळात कोडी रचून टोपणनावाने विकी. ‘हॅनॉयचा मनोरा’ हा चकत्यांचा खेळ त्याचाच, १८८३ मधला. डब्यावर शोधकाचे नाव ‘सयामचा प्राध्यापक क्लाउस’ असे छापले होते, आणि ते नाव ल्युकाच्याच नावाची व गावाची अक्षरे उलटसुलट करून बनवलेले होते. खेळाबरोबर एक दंतकथाही पसरली: काशीच्या देवळात चौसष्ट सोन्याच्या चकत्या आहेत, पुजारी त्या एका खुंटीवरून दुसरीवर हलवत आहेत आणि काम संपले की जगबुडी. काशीच्या पुजाऱ्यांना या उद्योगाची खबर कोणी दिली होती की नाही, कोण जाणे. पण या मनोऱ्याला जितक्या चकत्या असतात तितके दोन गुणून एक वजा केला की खेळ्यांची संख्या मिळते. म्हणजे पुजाऱ्यांनी तीन चकत्या जास्त घेतल्या असत्या तर खेळ्या बरोबर आपल्या नायिकेएवढ्या लागल्या असत्या. सेकंदाला एक खेळी, रात्रपाळी धरून, सुट्टी नाही, संप नाही: चार लाख सदुसष्ट हजार कोटी वर्षे. विश्वाचे वय त्यापुढे तीनशे तिसावा भागसुद्धा नाही. मात्र पुराणांच्या मापाने बघितले, एक कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस आणि तेवढीच रात्र, तर हे काम ब्रह्मदेवाच्या दीड वर्षाचे. सरकारी पुलांना साधारण तेवढेच लागते.

या ल्युकाने १८७६ मध्ये दोन गोष्टी केल्या. एकशे सत्तावीस दोनांची एकोणचाळीस आकडी संख्या मूळ असल्याचे सिद्ध केले. तिथे मेर्सेन बरोबर निघाला. आणि सदुसष्ट दोनांची मूळ नाही असे दाखवले. तिथे मेर्सेन पकडला गेला. पण कसा पकडला ते पाहण्यासारखे आहे. ल्युकाच्या पद्धतीचे आजचे सोपे रूप असे: चारापासून सुरुवात करा, वर्ग करा, दोन वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा, पुन्हा वर्ग करा. हे पासष्ट वेळा. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही आली तर नाही. एवढाच निकाल. अवयव कोणते, किती, कुठे, याबद्दल ही पद्धत अक्षर काढत नाही. मधुमेह आहे, पण साखर कुठून गेली ते विचारू नका.

गणिताबाहेरच्या माणसाला हे पटवून देणे अवघड जाते. संख्येला भाग जातो हे नक्की, पण कशाने जातो ते माहीत नाही, ही स्थिती एक-दोन नव्हे, सत्तावीस वर्षे टिकली.

ती संपली ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी, न्यू यॉर्कला, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत. वक्ते फ्रँक नेल्सन कोल, कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक, सोसायटीचे चिटणीस. चिटणिसाचे भाषण म्हटल्यावर श्रोत्यांनी मनाची तयारी केली असणार. आपल्याकडे ‘दोनच शब्द बोलतो’ म्हणून उठलेला चिटणीस माईक सोडतो तेव्हा चहा गार झालेला असतो. कोलसाहेब दोन शब्दही बोलले नाहीत. फळ्यापाशी गेले, सदुसष्ट दोनांचा गुणाकार केला, एक वजा केला. मग फळ्याच्या मोकळ्या भागात दोन संख्या मांडल्या, १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७, आणि शाळेत शिकवतात तसा त्यांचा गुणाकार केला. दोन्ही उत्तरे तंतोतंत जुळली. कोलसाहेब जागेवर जाऊन बसले. टाळ्या झाल्या. एकानेही प्रश्न विचारला नाही.

ही कथा ई. टी. बेल या गणितज्ञाने १९५१ च्या पुस्तकात सांगितली आहे. बेल त्या सभेला नव्हता, आणि गोष्ट रंगवण्याचा मोह त्याला आवरत नसे, हे त्याच्या वाचकांना ठाऊक असते. पण सभा झाली, संख्या त्याच, गुणाकार खरा, आणि तो कोणालाही आज करून पाहता येतो. नऊ आकडी गुणक असला तरी भ्यायचे कारण नाही. १९३७०७७२१ कडे नीट पाहा: एक शून्य आहे, ती ओळ गाळा, दोन ठिकाणी एक आहे, तिथे नुसते उतरवून घ्या, सात तीनदा आहेत, एकदा गुणले की तीनदा वापरा. नऊचा, सातचा, तीनचा आणि दोनचा पाढा येत असला की पुरे. बाकी सगळी बेरीज. कोलसाहेबांनी हातचे चुकवले नाहीत, एवढ्या लोकांसमोर, हेच खरे कौतुक. ताळा हवा असेल तर आजोबांच्या काळचा नवांचा ताळा घ्या: दोन्ही अवयवांच्या आकड्यांची बेरीज ३७ आणि ६४, म्हणजे शेवटी एक आणि एक, उत्तराची १०९, म्हणजे एक. एक एके एक. जुळले.

हे अवयव शोधायला किती वेळ लागला, असे बेलने १९११ मध्ये कोलना विचारले. उत्तर मिळाले: तीन वर्षांचे रविवार.

तीन वर्षांचे रविवार साधारण दीडशे. फेर्माच्या नियमातून फक्त १३४ च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या संख्या घ्या, आठाने भागल्यावर एक किंवा सात उरतात तेवढ्याच ठेवा (हा दुसरा जुना नियम), आणि त्यांतल्याही फक्त मूळ संख्या तपासा, तरी १९,३७,०७,७२१ पर्यंत पोचायला ऐंशी हजारांच्या आसपास भागाकार पडतात. दर रविवारी पाचशेच्या वर. इतके केले असते तर घरच्यांनी कोलसाहेबांना सोसायटीच्या कपाटात राहायला पाठवले असते. त्यांनी अर्थात इतके ढोर काम केले नाही. वर्गशेषांची चाळण लावून बहुतेक उमेदवार भागाकाराआधीच बाहेर काढले. तरीही रविवार गेले ते गेलेच. ३१ ऑक्टोबर १९०३ हा शनिवार होता. म्हणजे भाषणाच्या दुसऱ्याच दिवशी रविवार उगवला, आणि तो पूर्ण मोकळा. सौभाग्यवतींनी त्या दिवशी कोणती कामे काढली असतील, याची कल्पना कोणाही संसारी माणसाला करता येईल.

त्यांचा निबंध सोसायटीच्या मुखपत्राच्या दहाव्या खंडात छापला आहे. सुरू होतो पान १३४ वर. संपादकही कोलसाहेबच होते, पण एवढे पान जुळवून आणले असेल असे म्हणवत नाही.

मेर्सेनच्या बाजूने बोलणारेही निघाले. एकसष्ट दोनांची संख्या मूळ आहे, हे इव्हान पेर्वुशिन या रशियन पाद्र्याने १८८३ मध्ये दाखवले. मेर्सेनच्या यादीत एकसष्ट नाही. मग काहींनी सुचवले की मेर्सेनने ६१ लिहिले होते, जुळाऱ्याने ६७ लावले. छापखान्यावर ढकलणे ही लेखकांची सनातन सोय आहे, आणि इथे ती बसतेही बरी. पण १९११ आणि १९१४ मध्ये राल्फ पॉवर्सने ८९ आणि १०७ हेही चालतात असे सिद्ध केले, आणि तेही यादीत नाहीत. पुढे २५७ नापास झाले. एका जुळाऱ्याच्या अंगावर किती पाप घालणार?

उपयोगाचा प्रश्न राहिलाच. बार्लोने विचारला होता, घरोघर विचारतात. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी कोलसाहेबांच्या फळ्यावर जे दिसले त्याचेच कुलूप केले: दोन मोठ्या मूळ संख्या गुणणे सोपे, गुणाकारावरून त्या शोधणे महाकठीण. इंटरनेटवरच्या व्यवहारांचे आणि सह्यांचे रक्षण बराच काळ याच कुलपाने केले आहे. त्याच वर्षी त्यांनी एकशे एकोणतीस आकडी संख्या आव्हान म्हणून जाहीर केली. ती फोडायला ४ वर सोळा शून्ये इतकी वर्षे, भास्कराचार्यांच्या भाषेत चार मध्य वर्षे, लागतील असा अंदाज रिव्हेस्टने दिला होता. सतरा वर्षांत, १९९४ मध्ये, ती फुटली. बार्लो आणि जेव्हन्स यांच्या रांगेत तिसरी खुर्ची लागली.

आपल्या नायिकेचे तर आज काहीच चालत नाही. साधा मोबाइल डोळ्याचे पाते लवायच्या आत तिचे दोन तुकडे करतो. जॉन पोलार्डने १९७४ मध्ये एक पद्धत दिली, तिने तर तिची कमजोरी चव्हाट्यावर येते. लहान अवयवातून एक वजा करून उरणारी १९,३७,०७,७२० ही शेजारीण ठिसूळ आहे: दोन, तीन, पाच, सदुसष्ट अशा किरकोळ मूळ संख्यांचा भुगा, त्यातला सर्वांत मोठा तुकडा २६७७. शेजारी इतका ठिसूळ असला की पोलार्डची पद्धत भिंतीतून हात घालून अवयव काढते. ही युक्ती कोलसाहेबांना ठाऊक असती, तर तीन वर्षांऐवजी थोड्या रविवारांत काम आटोपले असते आणि मग बेलला लिहायला काही राहिले नसते.

कोलसाहेबांनी पंचवीस वर्षे चिटणीसपद सांभाळून निवृत्त होताना मिळालेली थैली सोसायटीलाच दिली. तिच्यातून उभे राहिलेले कोल पारितोषिक संख्या-सिद्धांतात आज मोठ्या मानाचे आहे. २०११ साली ते ज्याँ-पिएर विंटनबेर्जे यांच्यासह मुंबईचे चंद्रशेखर खरे यांना मिळाले. खरे यांचे काम सदुसष्ट दोनांच्या गुणाकाराहून बरेच खोल पाण्यातले आहे, आणि ते सांगताना त्यांना बोलावे लागते.

मेर्सेनच्या जातीच्या संख्या शोधण्याचा नाद अजून सुटलेला नाही. जगभरचे हौशी लोक आपले संगणक त्या कामाला जुंपून ठेवतात. २०२४ च्या ऑक्टोबरात सापडलेली मूळ संख्या तेरा कोटी बासष्ट लाख एकोणऐंशी हजार आठशे एक्केचाळीस दोनांची आहे, आणि ती लिहायला चार कोटी दहा लाखांहून जास्त आकडे लागतात. पण त्यापेक्षा मनाला चटका लावणारी संख्या आहे १२७७ दोनांची. तिच्यात अवघे ३८५ आकडे. ती मूळ नाही, हे ल्युकाच्या पद्धतीने केव्हाच पक्के झाले आहे. तिला कशाने भाग जातो, हे अजून कोणालाही सापडलेले नाही. अवयव शोधायला ज्यांचे रविवार मोकळे असतील, त्यांच्या सोयीसाठी: त्याला २५५४ ने भागल्यावर बाकी एक उरली पाहिजे. २५५५ ने सुरुवात करू नये, ते पाचाने फुटते. तिथून पुढचेही बरेच दूरवर बघून झाले आहे.